गॅस बंद करा, झाकण ठेवा : कुंडीतल्या पानाफुलांचा चहा

आपल्याकडे चहा म्हणजे उकळायचाच. पाणी, साखर, पावडर, आलं, मग दूध, मग दोनदा वर येऊ द्यायचा आणि तिसऱ्यांदा उतू जायच्या आत पकडायचा, तोवर चहा झाला असं कुणी मानतच नाही. माझंही तेच. त्यामुळे काही वर्षांपूर्वी बाल्कनीत पुदिना पहिल्यांदा चांगला माजला आणि मी हौसेने त्याचा चहा करायला घेतला तेव्हाही तेच केलं, मूठभर पानं पातेल्यात टाकली आणि १० मिनिटं खळखळ उकळली. जे काय झालं त्याचा रंग टाकीतल्या शेवाळासारखा आणि चव पालक उकडलेल्या पाण्याची. अहोंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "यात भात शिजवायचाय का?"

तेव्हा मी पुदिन्यालाच नावं ठेवली. चूक पुदिन्याची नव्हती, गॅसची होती, हे कळायला बराच वेळ गेला. पुदिना, तुळस, गवती चहा यांचा जो वास असतो ना तो त्यांच्या पानातल्या तेलामुळे असतो आणि हे तेल वाफेबरोबर उडून जातं. उकळताना घरभर घमघमाट सुटला की आपल्याला वाटतं वा काय चहा झालाय, पण घरभर जे पसरलं ते कपातलंच कमी झालं की. वर जास्त उकळल्याने पानातला कडूपणा आणि तो गवतासारखा उग्र वास मात्र सगळा पाण्यात उतरतो.

म्हणून आधी हे एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं सोपं आहे. मऊ पानं आणि फुलं असतील तर पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा, मग पानं टाकायची, झाकण ठेवायचं आणि ५ ते ७ मिनिटं त्याच्याकडे बघायचं पण नाही. गवती चहासारखी चिवट पात असेल तर २-३ मिनिटं मंद उकळू द्या आणि मग बंद करून झाकण. आणि सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध, बडीशेप असलं कडक काही असेल तर ते मात्र १०-१५ मिनिटं उकळायलाच लागतं. दोन्ही एकत्र करायचं असेल तर कडक गोष्टी आधी उकळून घ्या, गॅस बंद करा, मग पानं. लोक सगळं एकदमच टाकतात आणि मग म्हणतात तुळशीची चवच लागत नाही, कशी लागेल, ती बिचारी केव्हाच उडून गेली.

झाकणाचं एक सांगते. ७ मिनिटांनी झाकण उचललंत की आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील, आपण सवयीने ते सिंकमध्ये झटकतो. झटकू नका. एक थेंब बोटावर घेऊन चाखून बघा, तुळशीचं झाकण असेल तर जिभेला लवंगेसारखं हलकंसं चुरचुरतं. तुळशीत आणि लवंगेत एकच तेल असतं, युजेनॉल नावाचं, त्यामुळे. ते थेंब परत पातेल्यात पाडायचे आणि मगच गाळायचं.

प्रमाण म्हणाल तर एका कपाला, म्हणजे साधारण २०० मिली पाण्याला, ताजी पानं एक छोटी मूठ किंवा वाळलेली एक चमचा. वाळली की पानं आटतात त्यामुळे ताज्याच्या तिसरा हिस्सा पुरतो. चहा कडक हवा असेल तर पानं वाढवा, वेळ वाढवू नका. पानं हातानेच थोडी चुरडायची किंवा फाडायची, मिक्सर नको, मिक्सरमध्ये चटणी होते आणि चहा गढूळ येतो. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणि कल्हई नसलेलं पितळ या कामाला नको, विशेषतः आंबट काही करणार असाल तेव्हा तर अजिबातच नको. आणि पुढे मोगऱ्याचा येतो तो ग्रीन टीचा चहा सोडला तर हे सगळे नावाला चहा, चहाच्या झाडाचं पान यात कुठेच नाही त्यामुळे कॅफिनही नाही, रात्री ९ वाजता प्यायलात तरी झोपेचं खोबरं होत नाही.

सुरुवात गवती चहापासून करा

कारण तो मरत नाही. माझ्या हातून मनी प्लांट मेलाय पण गवती चहा कधी मेला नाही. आमच्या माहेरी राजापूरकडे परसात न्हाणीघराच्या सांडपाण्यावर त्याचं एक बेट असायचं, कोणी लावलं कोणालाच आठवत नाही, पाऊस लागला की ते पार कमरेएवढं व्हायचं. तिकडे कुणी पातीचा चहा म्हणतं, कुणी हिरवा चहा. ठाण्याला येताना मी त्यातलाच एक ठोंब पिशवीत घालून आणला.

बी वगैरे शोधू नका, मुळासकट ठोंब कोणाकडून तरी मागून घ्या, गवती चहा असलेला माणूस तो द्यायला एका पायावर तयार असतो कारण त्याच्याकडे जास्तच झालेला असतो. वरची पात कापून ४-५ इंच ठेवायची आणि १२ इंची कुंडीत लावायचा. ऊन भरपूर पाहिजे. पहिले ३ महिने कापू नका, बेट जरा भरू द्या, मग हवी तेवढी पात कात्रीने मातीपासून चारेक बोटं वर कापा. हाताने ओढायला जाऊ नका, पातीची कड ब्लेडसारखी असते, बोट कापतं आणि ते लक्षात येतं लिंबू पिळताना. साधारण २ वर्षांनी कुंडीत नुसती मुळंच होतात, तेव्हा सगळं उपटून ठोंब वेगळे करायचे, एक परत लावायचा आणि बाकीचे कोणाच्या तरी गळ्यात घालायचे.

एक काळजी घ्या, सिट्रोनेलाचं गवत दिसायला अगदी तसंच असतं, नर्सरीत डास पळवणारं झाड म्हणून मिळतं ते, त्याचा बुंधा बऱ्याचदा लालसर असतो आणि वास ओडोमॉससारखा. ते प्यायचं नाही. पात चुरडली की स्वच्छ लिंबासारखा वास आला पाहिजे.

चहा करताना २-३ पाती घ्यायच्या, धुवून त्यांची सैलशी गाठ मारायची आणि गाठच पाण्यात टाकायची. म्हणजे गाळण्यात बारीक तुकडे अडकत नाहीत आणि चहा झाला की चमच्याने गाठ उचलून बाहेर. हा एकच असा आहे की जो आपल्या दुधाच्या चहातही तितकाच छान लागतो आणि नुसत्या पाण्यातही. भाजीवाल्याकडे आल्याबरोबर याची जुडी मिळते ना ती पण चालते, फक्त आणलीत की लगेच वापरा, फ्रीजमध्ये आठवडाभर पडली की वास निम्मा होतो.

तुळस, आणि घरातलं राजकारण

तुळशीचा चहा करायचा म्हणजे पानं तोडायची, आणि पानं तोडायची म्हणजे आमच्याकडे सासूबाईंचं कॅलेंडर बघायचं. द्वादशीला तोडायची नाही, रविवारी नाही, संध्याकाळी दिवे लागल्यावर तर नाहीच नाही. मला सर्दी नेमकी याच दिवशी होते. यावर तोडगा असा निघाला की पूजेची तुळस वेगळी आणि चहाची वेगळी, चहाच्या दोन कुंड्या मागच्या ग्रिलमध्ये, तिथे हळदीकुंकू नाही, दिवा नाही आणि म्हणून नियम पण नाहीत. सासूबाईंनी हे मान्य केलं तो दिवस माझ्या संसारातला मोठा दिवस.

तसं बघितलं तर वेगळी कुंडी असावीच. पूजेच्या तुळशीवर कुंकू, अबीर, तेलाचे थेंब, उदबत्तीची राख काय काय पडत असतं, ते चहात कशाला. काळी म्हणजे कृष्ण तुळस जास्त तिखट, हिरवी जरा सौम्य. कापूर तुळस मिळाली तर बघा, तिचा वास वेगळाच असतो. मंजिऱ्या आल्या की खुडत राहा नाहीतर झाड सगळी ताकद बियांत घालवतं, पानं बारीक होतात आणि खोड लाकडासारखं होतं. थंडीत तुळस कशीही मान टाकतेच, म्हणून मी दर पावसाळ्याच्या तोंडाला वाळलेल्या मंजिऱ्या कुंडीत चुरडून टाकते, नवी रोपं आपोआप येतात.

पानं सकाळीच तोडा, दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आत. दुपारच्या उन्हात पानातलं तेल उडालेलं असतं. हे पुदिन्यालाही लागू.

पुदिना लावायला तर खर्चच नाही. बाजारातून जुडी आणली की पानं चटणीला घ्या आणि त्यातल्या जाड ४-५ काड्या खालची पानं काढून ग्लासातल्या पाण्यात उभ्या करा, आठवड्याभरात पेरांमधून पांढरी मुळं फुटतात. मग पसरट कुंडीत किंवा थर्माकोलच्या खोक्यात लावा. त्याला दुसऱ्या कशाबरोबर लावू नका, तो शेजारच्याला जगू देत नाही. उन्हाळ्यात अर्धी सावली, माती सतत ओलसर. ज्यांना अ‍ॅसिडिटीने घशाशी येतं त्यांनी पुदिन्याचा चहा जेवणावर नको, पोट थंड पडेल असं वाटतं पण पुदिन्याने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते आणि उलट जास्तच वर येतं. हे मी स्वतः भोगलंय.

पानओवा असेल, तो जाड लुसलुशीत पानांचा, ज्याची भजी करतात, तर त्याचं एकच पान एका कपाला बास झालं. २ टाकलीत की चहा नाही, वाफारा.

जास्वंदीचा चहा म्हणून तुम्ही जे विकत घेता ते जास्वंद नाही

हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं आणि मी फार फसले. ऑनलाइन जो लालभडक आंबट 'हिबिस्कस टी' मिळतो तो बघून मला वाटलं की अरे हे तर आपल्या दारातल्या गणपतीच्या जास्वंदीचं, २०० रुपये कशाला घालवायचे. फुलं तोडली, गरम पाण्यात घातली, आणि आलं काय तर फिकट जांभळं, जरा बुळबुळीत, चवीला काहीच नाही. आंबटपणाचा पत्ता नाही. मला वाटलं पुन्हा माझंच काहीतरी चुकलं.

तर तो लाल चहा असतो लाल अंबाडीचा. हो, तीच अंबाडी, जिच्या पाल्याची आंबट भाजी आपण कण्या घालून करतो आणि वरून लसणाची फोडणी. अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, चुलत बहिणी म्हणा. पण चहाला अंबाडीचं फूल वापरतच नाहीत, फूल गळून गेल्यावर त्याच्याखालचं जे लाल, मांसल बोंड राहतं ना, ते वापरतात. इजिप्त-सुदानकडे याच चहाला कर्कदे म्हणतात आणि तिकडे तो पाहुण्यांना देतात, लग्नाकार्यात देतात, आणि आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात हीच बोंडं चटणीला आणि सरबताला जातात. म्हणजे माल आपलाच, फक्त इंग्लिश नाव घालून डब्यात आला.

लावायची असेल तर जूनमध्ये पेरा, पाल्याची नाही तर लाल बोंडांची असं सांगून बी घ्या. मोठी कुंडी लागते, झाड ४-५ फूट सहज होतं. आणि धीर धरा, दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय हे झाड फुलायचं नावच घेत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलं येतात, पिवळट, मध्ये गडद डोळा, एका दिवसात मिटतात. फूल गळल्यावर २-३ आठवड्यांत बोंड रसरशीत असतं, नखाने दाबलं की कचकन आवाज येतो, तेव्हाच काढायचं. उशीर केलात तर चिवट होतं.

सोलायचं काम मात्र जरा किचकट. बोंडाच्या आत हिरवी, केसाळ बियांची कुपी असते ती काढून टाकायची. बोंडाचं बूड सुरीने गोल कापायचं आणि खालून लाकडी चमच्याच्या दांड्याने वा पेनाच्या टोपणाने कुपी वर ढकलायची, टप्पकन बाहेर येते आणि हातात राहते ती लाल पोकळ टोपी. पहिल्या १० बोंडांना अर्धा तास लागतो, मग हात बसतो. टीव्ही बघता बघता करायचं काम आहे. बोटं जांभळी होतात, लिंबू चोळलं की बरीच निघतात.

या टोप्या ताज्या असतील तर ४-५, वाळलेल्या असतील तर कुस्करून एक चमचा, उकळतं पाणी ओतून १० मिनिटं झाकून ठेवायचं. रंग असा येतो की कोकम सरबत बाजूला ठेवावं. आंबट असतं त्यामुळे खडीसाखर किंवा गूळ लागतोच. दूध घालू नका!! हे दोन उद्गारचिन्हं उगाच नाहीत, मी घातलंय, पाहुण्यांसमोर, क्षणात फाटून पनीर. आणि ज्यांची बीपीची गोळी चालू आहे त्यांनी रोज रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा, याने बीपी थोडं खाली येतं, वर गोळी, म्हणजे चक्कर यायची.

बरं मग दारातल्या जास्वंदीचं काय. ती पण चालते, लाल, एकेरी पाकळ्यांची, गावठी. हिरवं बूड आणि मधला परागांचा दांडा काढून नुसत्या पाकळ्या घ्यायच्या, जांभळट पाणी येतं, त्यात लिंबू पिळलं की लालचुटुक होतं. चव मात्र लिंबाची आणि साखरेचीच.

निळा चहा

गोकर्णाचा चहा हल्ली हॉटेलात बघाल तर २५०-३०० रुपये लावतात, आणि आमच्या सोसायटीच्या कंपाउंडवर तो वेल फुकट फुलतो आणि फुलं झाडूवाला गोळा करून टाकतो. बी रात्रभर भिजवून लावा, कठीण सालीचं असतं, तसंच लावलं तर कधी उगवेल सांगता येत नाही. ग्रिलवर चढवा, ऊन द्या, दीडदोन महिन्यांत फुलं सुरू. रोज तोडत राहा, शेंगा धरल्या की फुलं कमी होतात.

एका कपाला ५-६ फुलं. एकेरी असली तरी चालतात, दुहेरी पाकळीची असली तर ३-४ पुरे. देठाकडचा हिरवा पेला काढून टाका म्हणजे मटारच्या शेंगेसारखा जो कच्चा वास येतो तो जातो. गॅस बंद केलेल्या पाण्यात टाकलीत की आधी पाकळीच्या कडेने निळी रेघ सुटते, शाईचं पेन पाण्यात बुडवल्यासारखी, आणि ५ मिनिटांत पाणी गडद निळं आणि फुलं पांढुरकी पडलेली. मग लिंबाचे ३-४ थेंब, लगेच जांभळं, अजून पिळलं की गुलाबी. यात जादू काही नाही, पाकळीतलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आंबटात रंग बदलतं, जास्वंदीत झालं तेच. पण माझी लेक शाळेतनं मैत्रिणी घेऊन येते आणि मला प्रत्येक वेळी प्रयोग करून दाखवायला लावते, त्यामुळे घरात लिंबं पुरत नाहीत.

खरं सांगायचं तर गोकर्णाला स्वतःची चव नाही, रंगच आहे. म्हणून त्यात गवती चहाची एक पात आणि आल्याची चकती घाला, मग पिण्यालायक होतो. नुसताच करून फोटो काढायचा असेल तर तुमची मर्जी.

गुलाब आणि मोगरा

गुलाब गावठी, वासाचाच घ्यायचा, गुलकंदाचा असतो तो. पाकळीच्या बुडाला पांढरा भाग असतो तो कडवट असतो, ३-४ पाकळ्या एकत्र धरून कात्रीने कापून टाकायचा. फुलवाल्याकडचे लांब दांड्याचे गुलाब, हार-वेण्यांतली शेवंती, बुकेतली कुठलीच फुलं चहात टाकू नका, ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यावर काय काय फवारलेलं असतं. नर्सरीतून नवीन रोप आणलं तरी लगेच तोडायला जाऊ नका, निदान २ महिने जाऊ द्या, नवीन फुटवा येऊ द्या. रस्त्याकडेचं पण नको, धूळ, गाड्यांचा धूर, आणि कुत्री.

मोगऱ्याचा चहा मी पाण्यात फुलं टाकून करत नाही. आपण माठात मोगरा टाकतो ना, तीच कल्पना, फक्त पाण्याऐवजी चहाची पत्ती. चीनमध्ये जास्मिन टी असाच करतात. संध्याकाळी टप्पोऱ्या बंद कळ्या काढायच्या, डब्यात ग्रीन टीचा एक थर, कळ्यांचा एक थर, असं करून झाकण लावायचं. कळ्या रात्री उमलतात आणि वास तेव्हाच सोडतात, पत्ती तो ओढून घेते. सकाळी फुलं निवडून काढायची नाहीतर ओल धरते. दोन-तीन रात्री नव्या कळ्या घालून असंच केलं की बाजारचा डबा विसराल. शेवटी पत्ती ताटात पसरून पंख्याखाली तासभर वाळवा.

वाळवण

पापड-कुरडया उन्हात, चहाची पानं सावलीत. उन्हात वाळवलीत तर रंग उडतो आणि वासही. धुवायची, पंचावर पसरून टिपून घ्यायची आणि मग पंख्याखाली जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर एकेरी पसरायची, वरून पातळ कापड. कोरड्या हवेत ४-५ दिवस लागतात. पान हातात घेतल्यावर वाकलं तर झालेलं नाही, मोडलं, चुरा झाला तर झालं. पाकळ्या आणि बोंडं जास्त दिवस घेतात.

जुलैमध्ये मात्र मी एकदा तुळस वाळवली, वरून कडकडीत वाटली म्हणून बरणीत भरली आणि कपाटात ठेवून विसरले. ऑगस्टमध्ये उघडली तर पानांवर पांढरं कापूस पिंजल्यासारखं आणि वास ओल्या पायपुसण्याचा. बुरशी आलेलं वरचं काढून खालचं वापरू वगैरे करू नका, सगळं टाका. तेव्हापासून पावसाळ्यात मी फ्रीजमध्येच वाळवते, ताटलीत पानं पसरून उघडीच ठेवायची, बर्फ न धरणाऱ्या फ्रीजची हवा कोरडी असते त्यामुळे आठवड्याभरात मस्त वाळतात आणि रंगही हिरवा राहतो, फक्त शेजारी चिरलेला कांदा नको. नाहीतर पुदिना बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी घालून गोठवून टाका, एक क्यूब एक कप.

बरणी काचेची, घट्ट झाकणाची, अंधारात. वर तारीख लिहा. ६ महिने पानं चांगली राहतात, वर्षानंतर नुसता पाचोळा.

कशाकशाचा करायचा नाही

फूल सुंदर आहे म्हणून चहा होत नाही. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, रुई, घाणेरी, पावसाळ्यात कोकणात दिसणारी ती ज्वाळांसारखी कळलावी, बाल्कनीत शोभेला ठेवतात ते अडेनियम, यातलं काहीही नाही म्हणजे नाही. कण्हेरीने हृदयाचे ठोके बिघडतात, माणसं दगावतात. आणि सदाफुली! शुगरवर सदाफुलीचा चहा म्हणून फॉरवर्ड फिरत असतात. सदाफुलीपासून कॅन्सरची किमोची औषधं काढतात, व्हिन्क्रिस्टिन आणि विनब्लास्टिन, तेवढं जालीम झाड आहे ते, आपल्या कपात त्याचं काय काम. ज्या झाडाचं नाव तुम्हाला खात्रीने माहीत नाही ते प्यायचं नाही, मोबाईलच्या अ‍ॅपने सांगितलं तरी.

काढा आणि चहा यात पण फरक करा. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने जो काढा सांगितला त्यात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १ असं प्रमाण होतं आणि १५० मिली पाण्याला फक्त ३ ग्रॅम पावडर. आम्ही काय केलं, सगळं मुठीने घातलं, दिवसातून ४ वेळा प्यायलो आणि घरातले सगळे छाती चोळत बसले. गुळवेलीचंही तसंच, २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला त्रास झाल्याचं प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. मी काही डॉक्टर नाही, पण गुळवेल, अडुळसा, पारिजातकाचं पान ही औषधं आहेत असं मी धरते आणि चहा म्हणून पीत नाही, घ्यायचीच तर वैद्यांना विचारून. गरोदर बायका, रक्त पातळ करायची गोळी चालू असलेले, यांनी रोजचं काही सुरू करायच्या आधी विचारून घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काही म्हणजे काही देऊ नका. मोठ्यांनीही मध घालायचा तर चहा कोमट झाल्यावर.

आमच्याकडे रोज काय होतं

सकाळी गवती चहाची गाठ आणि अर्धा इंच आलं ठेचून ३ मिनिटं उकळायचं, गॅस बंद, मग पुदिन्याची ७-८ पानं, झाकण. संध्याकाळी तुळशीची ८-१० पानं, एका गुलाबाच्या पाकळ्या, एक वेलदोडा फोडून, खडीसाखर. घसा धरला की मिरीचे २ दाणे आणि ज्येष्ठमधाची बोटाच्या पेराएवढी काडी १० मिनिटं उकळून, बंद करून तुळस आणि पानओव्याचं अर्धं पान. ज्येष्ठमध आठवडेच्या आठवडे रोज घेऊ नका, त्याने बीपी वाढतं. उन्हाळ्यात अंबाडीचा चहा दुप्पट कडक करून, गूळ घालून, थंड करून फ्रीजमध्ये, वरून सब्जा. केलेला चहा एका दिवसात संपवा, दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास यायला लागतो.

गाळून उरलेली पानं कुंडीतच टाका. अंबाडीची भिजून मऊ झालेली बोंडं मात्र टाकू नका, लसणाच्या ४ पाकळ्या, सुक्या मिरच्या, मीठ आणि गुळाचा खडा घालून तेलावर परतायची आणि मिक्सरमधून काढायची. भाकरीबरोबर काय लागते, आमच्या अहोंना चहापेक्षा ती चटणीच आवडते आणि बोंडांचा चहा कधी करणार असं ते विचारतात ते त्यासाठी.